राखण

(श्रावणातील अखंड हरिनाम सप्ताहात सागरेश्वराच्या पायथ्याच्या गावी झालेल्या कीर्तनातील निरूपण. ध्वनिमुद्रणावरून.)

बोला पुंडलिक वरदे हारि विठ्ठल! श्री ज्ञानदेव तुकाराम!

मायबाप हो, टाळ जरा मांडीवर घ्या. मृदंगमहाराजांनाही थोडी विश्रांती. आत्ता आपण तुकोबारायांचा जो अभंग म्हटला, तो शाळेच्या पोरालाही पाठ आहे. झाडंवेली आणि रानातली पाखरं ही आपली नातलग आहेत, असं महाराज त्यात सांगतात. अभंग गोड आहे, चाल गोड आहे. पण नातं म्हटलं की नुसतं गोड बोलून भागत नाही, बरं का. सोयरा घरी आला की त्याला पाट द्यावा लागतो, पाणी द्यावं लागतं. त्याच्या अडीनडीला धावावं लागतं. लग्नात अहेर करायचा आणि दुखण्यात फिरकायचं नाही, त्याला आपण सोयरा म्हणतो का? नाही म्हणत. म्हणून आज या एकाच नात्याचा हिशेब आपल्याला करायचाय.

उद्या श्रावणातला सोमवार. पहाटेपासून माणसं सागरेश्वराला निघतील. कराड-तासगाव रस्त्यानं येतील, ताकारी स्टेशनावर उतरून येतील, देवराष्ट्र्याहून चालत येतील. मोठं देऊळ, भोवती लहान लहान देवळांचा मेळा, चालुक्यांच्या काळातलं म्हणून जाणकार त्याची ओळख सांगतात. तिथं दर्शन घेताना एकदा मान वर करून बघा. देवळाच्या दगडाच्या फटीत कुठंतरी पिंपळाचं नाहीतर उंबराचं रोप दिसेल. ते तिथं कुणी लावलं? पुजाऱ्यानं लावलं? ग्रामपंचायतीनं लावलं? त्याचं उद्घाटन झालं, फोटो निघाला, नारळ फुटला, असं काही झालं का?

पाखरानं लावलं, माउली. पाखरानं उंबर खाल्लं, शिखरावर येऊन बसलं आणि जाताना बी ठेवून गेलं. वडा-पिंपळाचं बी पाखराच्या पोटातून गेलं की रुजायला सोपं जातं. आपण एक झाड लावतो आणि पाटीवर नाव लिहितो. बुलबुल, कोकीळ, तांबट ही सगळी मंडळी जन्मभर झाडं लावतात, आणि त्यांच्या नावाची पाटी कुठंच नाही. निष्काम कर्म समजावून सांगायला मोठे मोठे ग्रंथ लागतात. ते बघायचं असेल, तर देवळाच्या भिंतीकडं बघा.

आता उंबराची आणखी एक गोष्ट ऐका. दत्तगुरूंचं झाड म्हणून आपण औदुंबराला हात जोडतो. इथून जवळच कृष्णाकाठी औदुंबर क्षेत्र आहे, पुष्कळांची तिथं वारी आहे. लोक म्हणतात, उंबराला फूल येत नाही. फूल येतं, पण ते फळाच्या आत असतं. बाहेरून दिसत नाही. एवढासा, अगदी बारीक कीटक असतो. त्याची मादी उंबराच्या तोंडाशी असलेल्या बारीक भोकातून आत शिरते. भोक इतकं अरुंद की आत जाताना तिचे पंख तुटतात. परतीची वाट तिनं स्वतःच बंद केली म्हणा. आत ती फुलांवर पराग ठेवते, अंडी घालते आणि तिथंच देह ठेवते. मग पुढची पिढी आत जन्मते. त्यातले नर बाहेर पडायची वाट कोरतात आणि बहुतेक आतच मरतात. कोरलेल्या वाटेनं माद्या नव्या उंबराकडं उडतात. हा जीव नसेल तर उंबराला बी नाही. उंबर नसेल तर या जीवाला घर नाही. वडाचा कीटक वेगळा, पिंपळाचा वेगळा, उंबराचा वेगळा. ज्याची त्याची गाठ देवानं बांधून दिली आहे. आपण उंबर फोडतो, आत किडे दिसले की नाक मुरडतो आणि टाकून देतो. अहो, त्या किड्यांच्या जिवावर तर दत्तगुरूंची सावली उभी आहे!

आता डोंगराकडं येऊ. उद्या तुम्ही जो हिरवा डोंगर बघणार, तो नेहमी असाच नव्हता. आपल्यातल्या जुन्या माणसांना हे सांगायला नको. एकेकाळी या डोंगरावर झाड औषधाला सापडत नव्हतं. चराईनं गवत गेलं, कुऱ्हाडीनं झाड गेलं, आणि झाड गेल्यावर पावसानं माती धुऊन खाली नेली. माथ्यावर नुसते दगड. देव होता, देऊळ होतं, पण देवाच्या अंगावर पांघरूण नव्हतं.

आणि मग एका माणसानं मनावर घेतलं. मोहित्यांच्या वडगावचे वृक्षमित्र धों. म. मोहिते. त्यांनी या उघड्या डोंगरावर रान उभं करायचा ध्यास घेतला. लोकांना सांगितलं, सरकारदरबारी खेटे घातले, गावांना आणि वनखात्याला या कामात ओढलं. झाडं लावली गेली, चराई थांबवली, कुंपण घातलं. सांबर, चितळ, काळवीट बाहेरून आणून सोडले. १९८५ साली सागरेश्वर अभयारण्य जाहीर झालं. क्षेत्र केवढं? १०.८७ चौरस किलोमीटर. कोयना-चांदोलीच्या रानापुढं हे म्हणजे परसबागच. पण ते रान देवानं दिलेलं आहे आणि हे माणसानं देवाला परत केलेलं आहे. मानवनिर्मित अभयारण्य म्हणून लोक त्याचं नाव घेतात, ते याचसाठी.

रान परत येतं कसं, तेही ध्यानात घ्या. माणूस काही झाडं लावतो, पण सगळं रान माणूस लावू शकत नाही. आधी चराई थांबली की गवत येतं. गवताची मुळं माती धरून ठेवतात. धरलेल्या मातीत ओल टिकते. ओलीवर बोरी-करवंदीची झुडपं उठतात. झुडपांवर पाखरं येतात, आणि पाखरं आली की त्यांच्या पोटातून बाकीचं रान येतं. सांबर आवळा खातं, चितळ बोरं खातं, आणि तेही बिया पसरवत जातं. म्हणजे माणसानं करायचं काय? सुरुवात करून द्यायची, आणि मग राखण करायची. लावणं एका दिवसाचं असतं, मायबाप. राखण जन्माची असते. तुळशीची माळ गळ्यात घालायला किती वेळ लागतो? एक क्षण. माळ पाळायला? अख्खा जन्म. झाडाचंही तसंच आहे.

आपल्या मुलखातल्या गावांची नावं घ्या. वडगाव, चिंचणी, बोरगाव, साताऱ्याकडचं लिंब. आळंदीहून माउलींची पालखी निघते, नीरास्नान करून सातारा जिल्ह्यात येते. लोणंद सोडलं की पहिलं उभं रिंगण कुठं होतं? चांदोबाच्या लिंबाला! लाखो वारकऱ्यांच्या तोंडी एका लिंबाचं नाव आहे. आपल्या वाडवडलांनी गावाला राजाचं नाव देण्याआधी झाडाचं नाव दिलं. आता तुम्ही घरी गेल्यावर बघा, गावाच्या नावात वड आहे, पण गावात वड आहे का? नाव राहतं, मायबाप. पण नावाची सावली पडत नाही.

आणि सावली राखायची ठरवली, तर ती राखता येते. आपल्याच सांगली जिल्ह्यातली गोष्ट आहे. मिरज तालुक्यात भोसे गाव. तिथं यल्लम्मादेवीच्या देवळाजवळ वडाचं एक जुनं झाड. लोक त्याचं वय चारशे वर्षं सांगत. रत्नागिरी-नागपूर महामार्गाच्या कामात ते झाड आडवं आलं. २०२० साली ते तोडणार असं कळलं आणि माणसं झाडाभोवती गोळा झाली. त्यांची हाक मुंबईला गेली, दिल्लीला गेली, आणि रस्त्याच्या आखणीत बदल झाला. त्या वेळी त्या वडावरची कुऱ्हाड टळली. रस्त्याला वळता येतं, माउली. झाडाला वळता येत नाही. ज्याला वळता येतं, त्यानं वळावं. घरातल्या भांडणालासुद्धा हाच नियम लावून बघा!

कुणी म्हणेल, महाराज, एक झाड गेलं तर काय, दहा लावू. लावा, जरूर लावा. पण धनेश नावाचं एक पाखरू असतं, मोठ्या चोचीचं. त्याची मादी म्हाताऱ्या झाडाच्या ढोलीत शिरते आणि आतून दार लिंपून घेते. चोच जाईल एवढी फट फक्त ठेवते. अंडी घालणं, पिलं वाढवणं सगळं आत. आणि नर? नर दिवसभर उंबरं, वडाची फळं आणून त्या फटीतून तिला भरवतो. त्या दिवसांत नराला काही झालं, तर आतली सगळी उपाशी. अशी ढोली गेल्या वर्षी लावलेल्या रोपात असते का? त्यासाठी झाड म्हातारं व्हावं लागतं. घरात दहा पोरं आली म्हणून आजीची मांडी भरून निघते का, सांगा बघू!

इथपर्यंत तुम्ही माना डोलावल्यात. आता थोडं अवघड ऐका. कारण इथपर्यंतचं सगळं पुण्याचं झालं, खर्चाचं अजून झालेलं नाही.

या डोंगराच्या कडेला ज्यांची शेतं आहेत, ती माणसंही या मंडपात बसलेली आहेत. त्यांना विचारा. उन्हाळ्यात रानातलं गवत वाळतं, पाणवठा आटतो, आणि रात्री कुंपणाच्या फटीतून सांबर-चितळ खाली उतरतात. रानडुकरांना तर कुंपणाचं भयच नाही. खाली हिरवा ऊस, शाळू, मका, हरभरा. जनावराला काय कळतंय, हे अभयारण्य आणि हा सातबारा? ते खातं. आणि शेतकरी थंडीच्या रात्री बॅटरी घेऊन बांधावर बसतो, डबा वाजवतो, सकाळी पुन्हा दारं धरायला जातो. तुम्ही-आम्ही श्रावणात येतो, हरणं बघून 'हरि हरि' म्हणतो, फोटो काढतो आणि घरी जातो. पुण्य सगळ्यांचं आणि राखण एकट्याची, हा कुठला न्याय?

त्यावर कुणीतरी लगेच तुकोबारायांची कथा सांगतो. आपण ती लहानपणापासून ऐकली आहे. आज ती पुन्हा एकदा नीट ऐका.

देहूच्या एका शेतकऱ्यानं तुकोबांना शेत राखायला ठेवलं. कणसं भरलेली. महाराज माळ्यावर बसले. हातात गोफण दिलेली, पण गोफण हातात आणि मन पांडुरंगाच्या पायाशी. पाखरांचे थवे आले. महाराजांनी बघितलं आणि मनात म्हणाले, यांच्याही पोटात तोच नारायण बसलाय. कुणाला हाकलू आणि कुणासाठी? पाखरांना कळलं की हा राखणदार आपलाच आहे. रोज आली, पोटभर जेवली.

मालक परत आला आणि बघतो तर काय! "आरं तुकोबा, राखाय ठिवलं का वाढाय ठिवलं?" त्यानं महाराजांना गावापुढं उभं केलं. पंच बसले. मालकाचं नुकसान भरून द्यायचं ठरलं. आणि मग खळं झालं. मळणी झाली, वारं दिलं, रास पडली. रास बघून गावानं तोंडात बोटं घातली. दरवर्षीपेक्षा जास्त धान्य! जास्तीचं धान्य तुकोबांना देऊ लागले, तर त्यांनी ते घेतलं नाही.

आता आपण कीर्तनात काय करतो? तुकोबांचा जयजयकार करतो आणि त्या मालकाला कंजूष म्हणून हसतो. पण विचार करा. नांगरट कुणी केली? मालकानं. बी कुणाचं? मालकाचं. घाम कुणाचा? मालकाचा. त्याचं पीक गेलं म्हणून तो ओरडला, तर त्यात त्याचं काय चुकलं? आणि देवानं काय केलं, ते बघा. पांडुरंगानं येऊन मालकाला सांगितलं का, "अरे, पाखरांनी खाल्लं, तुला पुण्य लागलं, गप्प बस"? नाही सांगितलं! देवानं आधी त्याची कणगी भरली. तुकोबांची दया खरी ठरावी म्हणून शेतकऱ्याचा हिशेब देवानं स्वतः चुकता केला. दुसऱ्याच्या शेतातून केलेली दया देवालाही फुकट चालत नाही, मायबाप. ही कथा पाखरांची आहे तेवढीच त्या मालकाचीही आहे.

देहूत रास देवानं भरली. इथं कोण भरणार? देवाचे हात म्हणजे आता तुम्ही-आम्ही.

काय करायचं ते साधं आहे. पीक गेलं की सरकारकडून भरपाई मिळते, कायद्यात तशी तरतूद आहे. पण अर्ज वेळेत व्हावा लागतो, पंचनामा व्हावा लागतो. म्हातारं माणूस कचेरीत कुठं फिरणार? गावातली शिकलेली पोरं रात्री दोन-दोन तास मोबाईलवर असतात. त्यांनी एक तास या कामाला द्यावा. कुंपण मोडलेलं दिसलं तर वनखात्याला कळवावं, आणि ते सांगतील तिथं श्रमदानाला उभं राहावं. उन्हाळ्यात रानातले पाणवठे भरायला हातभार लावावा. जनावराला वर पाणी मिळालं, तर ते खाली कशाला उतरेल?

आणि भजनी मंडळाला एक विनंती आहे. आपण एकादशीला जागर करतो की नाही? टाळ-मृदंग घेऊन रात्रभर देवळात बसतो. पिकाच्या दिवसांत एक जागर शेताच्या बांधावर करा! ज्याचं शेत रानाला लागून आहे, त्याच्या माळ्याखाली बसा. टाळ वाजले की जनावर कुंपणाच्या आत राहील, त्याला दगड बसणार नाही, वीज सोडलेली तार बसणार नाही. नाम होईल, पीक वाचेल, सांबरही वाचेल, आणि तो एकटा शेतकरी महिन्यातली एक रात्र तरी निवांत झोपेल. यापेक्षा मोठं अन्नदान कुठलं?

आता उद्याच्या यात्रेचं. महादेव बेलावर प्रसन्न होतो. बेलाचं पान तीन दळांचं. पण आपण पान खुडत नाही, फांदीच मोडून आणतो. कुणी तर पोतं भरून आणतं. देवाला लागतं एक पान, आणि झाडाचा हात मोडून आपण देवापुढं ठेवतो. आपल्या जुन्या बायका सांगायच्या, वाहिलेला बेल धुऊन पुन्हा वाहता येतो, तो शिळा होत नाही. त्यांनी हे कशासाठी सांगितलं असेल? झाड उरावं म्हणूनच ना? तेव्हा पान खुडा, फांदी मोडू नका.

प्रसादाची प्लॅस्टिकची पिशवी रानात टाकू नका. मिठाचा, गोडाचा वास लागलेली पिशवी जनावर अन्न समजून गिळतं, आणि ती त्याच्या पोटात अडकून बसते. माकडांना बिस्किटं घालू नका. ते दान नाही. एकदा हाताची सवय लागली की ते रानातलं फळ शोधायचं सोडतं आणि उद्या एखाद्या लेकराच्या हातावर झडप घालतं. गाडीचा हॉर्न खाली गावातच वाजवून घ्या, रानात नको.

आणि ज्या देवाला तुम्ही जाताय, त्याचं घर कसं आहे ते आठवा. महादेवाच्या गळ्यात नाग. गणपतीचं वाहन उंदीर. कार्तिकस्वामींचा मोर. पार्वतीमातेचा सिंह, आणि दारात नंदी. साप उंदराला खाईल, मोर सापाला मारेल, सिंह नंदीवर झेपावेल. एकमेकांच्या मुळावर उठणारी ही सगळी मंडळी त्या एका घरात नांदतात. का? कारण घरातला धनी प्रत्येकाची काळजी वाहतो. त्याला पशुपती म्हणतात ते याचसाठी. या डोंगराच्या घरातही असंच आहे. इथं सांबर आहे, मोर आहे, साळिंदर आहे, साप आहे, आणि कडेला आपला शेतकरी आहे. यातल्या एकालाही उपाशी ठेवून महादेवाचं घर सुखी व्हायचं नाही.

नाथमहाराजांनी काशीहून आणलेली गंगेची कावड रामेश्वराला न नेता वाटेत तहानेनं तडफडणाऱ्या गाढवाला पाजली. बाकीचे यात्रेकरू हळहळले, यात्रा फुकट गेली म्हणाले. नाथ म्हणाले, माझा रामेश्वर इथंच भेटला. उद्या तुमच्या हातात तांब्या असेल. पिंडीवर धार जरूर धरा. पण परत जाताना वाटेत कुंपणाकडेच्या शेतात माणूस दिसला, तर दोन मिनिटं थांबा. त्याला रामराम घाला. विचारा, "काय दादा, औंदा जनावरांनी किती खाल्लं?" तो सांगेल. ते ऐकून घ्या, आणि जमेल तो हात द्या. तुम्ही बघितलेल्या त्या हरणांना त्याच्याच शेतातला घास मिळालेला असतो. त्याची विचारपूस झाली, तर सोमवार पुरा झाला म्हणून समजा.

झाडंवेली सोयरी, पाखरं सोयरी, तसा हा राखणदारही सोयरा. इतकंच आज तुमच्या पायाशी ठेवतो. टाळ उचला, माउली.

बोला पुंडलिक वरदे हारि विठ्ठल! श्री ज्ञानदेव तुकाराम! सागरेश्वर महाराज की जय!